त्रेसष्ट बिननावाचे साचे

त्या केंद्रात तिला सगळे नोंदताई म्हणायचे. पगाराच्या कागदावर तिचं खरं नाव होतं, पण एकदा नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्या नावाने हाक मारली तेव्हा तिने स्वतःच मागे वळून पाहिलं, की कुणाला बोलावताहेत.

केंद्र कृत्रिम पाय बनवायचं. खाली काउंटर आणि तपासणीच्या खोल्या, मागे लांबलचक कारखाना, वर कार्यालय. कारखान्यातून दिवसभर कानशीने प्लास्टर घासल्याचा आवाज यायचा आणि त्याची पांढरी धूळ दाराखालच्या फटीतून सगळीकडे शिरायची. काउंटरच्या मागे एक चिंचोळी खोली होती, पूर्वी तिथे औषधं ठेवायचे. ती नोंदताईची खोली. रोज सकाळी आल्या आल्या ती कीबोर्डवरची धूळ जुन्या दाढीच्या ब्रशने झटकायची, मगच यंत्र सुरू करायची.

ती या जागी आली तीच मुळी वडिलांचा हात धरून. वडील लाकूड कापायच्या गिरणीत होते. एका दुपारी पट्टा तुटला आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तपासणीच्या तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या गृहस्थांना वडिलांचा कागद काही केल्या सापडेना. ते जाडजूड रजिस्टरं उलटत होते, बोट जिभेला लावत होते, आणि वडील बाकावर बसून घामाघूम झाले होते. दोन तास तिने पाहिलं, मग म्हणाली, "काका, मी शोधू का?" तिने पाच मिनिटांत कागद काढून दिला. पुढच्या आठवड्यात तिला तिथेच कामावर घेतलं.

पुढे रजिस्टरं गेली, संगणक आला. नोंदताईने संध्याकाळच्या वर्गात टंकलेखन केलं होतं तेवढंच. पण एका नातेवाइकाकडून तिने पीएचपी या संगणकाच्या भाषेचं एक जाडं पुस्तक आणलं, त्याला पुठ्ठाही नव्हता, आणि दोन वर्षं घरची भांडी आटोपली की ते घेऊन बसायची. नवरा म्हणायचा, "अगं, परीक्षा कधी आहे?" परीक्षा नव्हतीच. तिला फक्त कुणाला दोन तास बाकावर बसवून ठेवायचं नव्हतं.

पुस्तकानंतर तिला फ्रेमवर्क कळलं. म्हणजे खांब आणि छप्पर आयतं उभं असलेलं घर, आपण आपल्या सोयीने भिंती घालायच्या. त्यात तिने केंद्राचा सगळा कारभार स्वतःच्या हाताने उभा केला. प्रत्येक माणसाची डेटाबेसमध्ये एक नोंद: नाव, फोन, कुठला पाय, कशाने गेला, मापं किती, साच्याचा क्रमांक काय, फोटो. बारा वर्षांत अशा नऊ हजार चारशेच्या वर नोंदी झाल्या. केंद्रात कुणालाही काही हवं असलं की, "नोंदताईला विचार."

त्या मंगळवारी तिला फक्त सफाई करायची होती.

एकाच माणसाची नोंद दोनदा होण्याचा रोग जुना होता. कुणी नाव वेगळं लिहायचं, कुणाचा फोन बदललेला असायचा, काउंटरवरच्या मुलीला घाई असायची. मग अर्धी मापं एका नोंदीत, अर्धी दुसरीत. नोंदताईने तीन आठवडे खपून अशा दुहेरी नोंदी शोधल्या, कामाचं सगळं एकीकडे आणलं, आणि पुसायच्या नोंदींची यादी केली. तीनशे बारा. एकेक करून पुसायच्या तर दिवस गेला असता. पण फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी एका ओळीची सोय असते. अट सांगायची, की अमुक अमुक नोंदी. त्या अटीत बसणाऱ्या सगळ्या नोंदी एका झटक्यात जातात.

तिने घाई केली असं कुणी म्हणू शकणार नाही. सरावाच्या यंत्रावर आधी तीन नोंदी पुसून पाहिल्या, मग पूर्ण तीनशे बारा. बरोबर तीनशे बाराच गेल्या. तिने दोनदा मोजलं. मग खऱ्या सर्व्हरवर चालवायच्या आधी तिला वाटलं, यादीला दिलेलं नाव फारच मोघम आहे, उद्या दुसऱ्या कुणी वाचलं तर कळायचं नाही. नीटनेटकेपणाची हौस. तिने वर यादीचं नाव बदललं. खाली, पुसायच्या ओळीत, तेच नाव बदलायचं, एवढ्यात काउंटरवरून हाक आली, की प्रिंटर कागद खातोय. ती गेली, कागद ओढून काढला, परत आली, खुर्चीत बसली आणि एंटर दाबलं.

खालच्या ओळीत जुनंच नाव राहिलं होतं. त्या नावाची यादी आता कुठे नव्हतीच. सरावाच्या यंत्राने लगेच लाल अक्षरांत बोंब मारली असती. पण खऱ्या सर्व्हरवरच्या त्या लाल तक्रारी तिनेच काही वर्षांपूर्वी बंद केल्या होत्या, काउंटरवर माणसांसमोर बरं दिसत नाही म्हणून. तेव्हा सर्व्हरने मुकाट्याने काम केलं. यादी रिकामी म्हणजे अट रिकामी. आणि अट नाही याचा अर्थ तिने लिहिलेल्या त्या ओळीने सरळ लावला: सगळ्या.

दीड सेकंद लागला असेल. पडद्यावर आलं: हटवलेल्या नोंदी ९४१६.

तिला आधी वाटलं आकडा दाखवण्यातच चूक आहे. तिने तो एखाद्याचा फोन नंबर वाचावा तसा एकेक करून वाचला. नऊ. चार. एक. सहा. मग माणसांची यादी उघडली. पांढऱ्या पडद्यावर मधोमध एकच वाक्य होतं: "अजून एकही नोंद नाही."

ते वाक्य तिचंच होतं. बारा वर्षांपूर्वी सगळं नवं कोरं होतं तेव्हा तिने ते लिहिलं होतं, आणि पहिल्या दिवशी पहिली नोंद केल्यावर ते जे गेलं ते पुन्हा कधी दिसलंच नव्हतं. ती त्या वाक्याकडे बघत राहिली. हात कीबोर्डवर होते, पण ते आपले आहेत असं तिला वाटेना. कारखान्यात कुणीतरी हसलं, कानस चालू होती, बाहेर कुणी मोटार मागे घेत होतं, आणि हे सगळं चालूच कसं आहे याचंच तिला नवल वाटलं.

"ताई," काउंटरवरची मुलगी दारातून डोकावली. "आजोबांची नोंद दिसत नाहीये. नाव टाकलं तर कुणीच नाही म्हणतंय."

"सर्व्हर बंद आहे," नोंदताई म्हणाली. "थोडा वेळ लागेल."

ती आयुष्यात फार खोटं बोललेली नव्हती. हे इतकं सहज आलं, की तिचं तिलाच धस्स झालं.

अजून तिचा जीव गेला नव्हता, कारण बॅकअप होता. रोज पहाटे सगळ्या नोंदींची एक प्रत दुसरीकडे साठायची आणि 'बॅकअप पूर्ण झाला' असा मेल यायचा. तिने प्रतींचा फोल्डर उघडला. तारखेवार फायली, एकाखाली एक, शिस्तीत. कालची, परवाची, त्याच्या आदल्या दिवशीची. आणि सगळ्यांचा आकार एकसारखा. अगदी एकसारखा, आणि इतका लहान, की त्यात एखादं पत्रसुद्धा मावलं नसतं.

तिने कालची उघडली. रिकामी. परवाची उघडली. रिकामी. मग ती मागे मागे जात राहिली, आठवडा, महिना, चार महिने, आणि प्रत्येक फाईल तशीच निघत गेली. अकरा महिन्यांपूर्वी केंद्राने सर्व्हर बदलला होता. नोंदी नव्या यंत्रावर गेल्या, बॅकअप मात्र जुन्याच रिकाम्या जागेची प्रत रोज इमानेइतबारे काढत बसला होता. शेवटची खरी प्रत सर्व्हर बदलायच्या आदल्या दिवशीची होती. त्यात आठ हजार तीनशे सत्त्याहत्तर माणसं होती.

म्हणजे एक हजार एकोणचाळीस माणसं कुठेच नव्हती. आणि जुन्या माणसांची अकरा महिन्यांतली मापंही.

तिने सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीत फोन लावला. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. हटवलेलं परत आणता येईल का, यावर तो "नाही" म्हणाला. मग आपुलकीने म्हणाला, "बाई, एक सांगू? सर्व्हर पडला म्हणा. आमच्यावर ढकला. रोज कुणी ना कुणी ढकलतंच, आम्हाला सवय आहे."

तिने फोन ठेवला. बाहेर तिचंच खोटं फिरत होतं. काउंटरवरची मुलगी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "सर्व्हर बंद आहे हो, ताई बघताहेत." बाकांवर माणसं वाढत होती. दाराच्या फटीतून तिला एक म्हातारे गृहस्थ दिसत होते. कुबडी मांडीवर आडवी ठेवून ते तिच्या खोलीकडे बघत होते, जरासुद्धा कुरकुर न करता. ताई बघताहेत ना, मग होईल.

ती उठली आणि जिना चढून वर गेली.

केंद्राचे संचालक म्हणजे डॉक्टरसाहेब, पन्नाशीचे, बोलायला तुटक. त्यांच्यासमोर कारखान्याचे मिस्त्री बसले होते. पायांचे साचे बनवणारे हे मिस्त्री साठीला टेकलेले, केंद्रातले सगळ्यांत जुने. त्यांच्या भुवयांवरसुद्धा कायम प्लास्टर असायचं.

"सर्व्हरचं काय झालं?" डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

"सर्व्हरला काही झालेलं नाही," नोंदताई म्हणाली. "सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या."

आता त्यांनी मान वर केली. "सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या. नऊ हजार चारशे सोळा."

"कुणी पुसल्या?"

"मी."

मिस्त्रींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला, तो बशीवर वाजला.

"पण बॅकअप आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले. हे विचारणं नव्हतं.

"अकरा महिन्यांपूर्वीचा आहे. त्यानंतरचे सगळे रिकामे आहेत. मेल रोज यायचा, पूर्ण झाला म्हणून. मी आतली फाईल कधी उघडून पाहिली नाही."

तिला वाटलं आता ते ओरडतील. ती त्याची वाट बघत होती, कारण ओरडणं ऐकून घेणं त्या शांततेपेक्षा सोपं होतं. पण डॉक्टरसाहेबांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. ते आपल्या संगणकाकडे वळले, काहीतरी शोधलं, आणि कितीतरी वेळ पडदा नुसता खाली सरकवत राहिले.

"हे मेल मलाही येतात," शेवटी ते म्हणाले. "रोज. मीही एकदाही पाहिलं नाही."

नोंदताईला रडू फुटायचं ते तिथे फुटलं.

मिस्त्री मात्र भलत्याच विचारात होते. "ताई," ते म्हणाले, "माझ्या फळीवरच्या साच्यांचं काय?"

तिच्या डोक्यात तोवर ते आलंच नव्हतं. पाय करायचा तर आधी माणसाच्या उरलेल्या पायावर प्लास्टरची पट्टी गुंडाळतात, ती वाळली की उतरवून तिच्यात प्लास्टर ओततात. मग त्या पायाचा हुबेहूब पांढरा साचा हातात येतो. त्या साच्यावरच पुढे सॉकेट बनतं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण. साच्यावर मिस्त्री पेन्सिलीने फक्त क्रमांक घालायचे. नावं घालायची जुनी पद्धत नोंदताईनेच बंद करवली होती. "काका, क्रमांक पुरे. नाव संगणकात आहे. दोनदा लिहिलं की चुका होतात."

तिघेही खाली गेले.

साच्यांची खोली कारखान्याच्या टोकाला होती, थंड आणि ओलसर वासाची. भिंतीभर फळ्या. फळ्यांवर पांढरे पाय उभे होते. कुणाचा मांडीपर्यंतचा, कुणाचा गुडघ्याखालचा, कुणाचा वीतभर. मिस्त्रींनी मोजले. त्रेसष्ट. त्रेसष्ट माणसं घरी बसून फोनची वाट बघत होती, की तुमचा पाय तयार आहे, या. आणि कुणाला फोन करायचा ते आता जगात कुणालाही माहीत नव्हतं.

"ओळखा बघू एखादा," मिस्त्री तिला म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, की हिला ओळखता येईल.

नोंदताई फळीपुढे उभी राहिली. या त्रेसष्ट जणांचा घेर, लांबी, उतार, सगळं तिच्या हातून गेलं होतं. चौदा सेंटिमीटर, एकवीस सेंटिमीटर, बारा अंश. तिने एकेका साच्याकडे पाहिलं. तिला एकही ओळखता आला नाही. अगदी एकही नाही.

मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि पहिल्या फळीपासून सुरुवात केली. ते साचा हातात घ्यायचे, वळवायचे, अंगठा फिरवायचे. "हा रंगारी. इथे हाडाला गाठ आहे, दर वेळी भांडतो माझ्याशी." पुढचा. "ही शाळेतली बाई, शिट्टी वाजवते ती. खेळाची." पुढचा. "हा कोण बरं… थांबा, हा दोघा भावांतला धाकटा. थोरला बोलतो आणि हा नुसता मान डोलावतो." डॉक्टरसाहेब कागद घेऊन लिहायला लागले. केंद्राचा संचालक खाली स्टुलावर बसून मिस्त्रींच्या तोंडून निघेल ते उतरवून घेतोय, हे दृश्य बघायला दारात सगळा कारखाना जमला.

तिसऱ्या फळीवर मिस्त्रींनी एक साचा उचलला, जरा जुन्या वळणाचा, गुडघ्याखालचा, टोकाला आत गेलेला एक लांब वण असलेला. तो त्यांनी तिच्याकडे केला आणि थांबले.

"हा तरी?"

तिने नीट पाहिलं. हातात घेतला. जड होता. बोट फिरवलं. "नाही हो काका. कोण?"

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं ही भ्रमिष्ट झाली. "ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "हा तुमच्या वडिलांचा."

साचा हातातून निसटणार तोच मिस्त्रींनी तो धरला. दोन महिन्यांपूर्वी वडिलांचा जुना पाय सैल झाला होता म्हणून नवीन माप घेतलं होतं. त्यांना घेऊन तीच आली होती. पण आतल्या खोलीत ती गेली नव्हती. ती बाहेर बसून त्यांची नोंद भरत होती.

मिस्त्रींनी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून एक्केचाळीस साचे ओळखले. बाकीच्यांपुढे ते हरले. "नवीन माणसं," ते म्हणाले, "एकदाच आलेली. हाताला अजून सवय नाही."

मंगळवारी संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा वडील खिडकीजवळच्या खुर्चीत नेहमीसारखे बसले होते. मांडीवर चादर. ती चादर बावीस वर्षं तिथेच होती. उन्हाळा असो की थंडी, पाय उतरवला की चादर येणार. आई होती तोवर फक्त आई आत जायची. आई गेल्यावर ते स्वतःच दार लावून घ्यायचे. मुलीने कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नाही हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

तिने त्यांना सगळं सांगितलं. नोंदी, बॅकअप, डॉक्टरसाहेब. वडील ऐकत होते. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, त्यांना डेटाबेस म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण यंत्र म्हणजे काय ते पुरतं कळत होतं.

"पट्टा तुटला तेव्हा," ते म्हणाले, "मला आधी काही कळलंच नाही. मी म्हटलं, माझा बूट कुठे गेला." मग त्यांनी विचारलं, "तू कुणाला तरी सांगितलंस ना लगेच?"

"तासाभराने."

"तासभर काय केलंस?"

"खोटं बोलले."

वडिलांनी मान हलवली. रागावले की समजून घेतलं, ते तिला कळलं नाही. मग तिने साच्याचं सांगितलं. बाबा, मला तुमचा पाय ओळखता आला नाही. हे ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा एकदम बदलला. इतका वेळ ते तिला धीर देत होते, आता स्वतःच हबकल्यासारखे झाले.

"तो तिथे उघड्यावर ठेवलाय?" त्यांनी विचारलं. "फळीवर? सगळ्यांसमोर?"

"बाबा, तिथे सगळ्यांचेच असतात."

"तू पाहिलास?"

"हातात घेतला."

त्यांनी चादर सारखी केली आणि खिडकीकडे वळले. ती स्वयंपाकघरात गेली. नवऱ्याने भात लावला होता, तो तिच्याकडे बघून काही विचारायच्या बेतात होता, पण तिने हातानेच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरत होती. वडिलांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिला वाटलं, ते लावायचे विसरले. ती ओढून घ्यायला गेली, तर ते आतून म्हणाले, "राहू दे." ते पलंगावर बसून उरलेल्या पायाच्या खुंटावर मोजा चढवत होते. मोज्याची घडी कुठेही राहता कामा नये, नाहीतर दिवसभर टोचते. ते एकेक घडी बोटाने काढत होते. ती दारात उभी राहिली. वण साच्यात दिसला त्याहून फिका होता आणि थोडा वाकडा.

"बघून झालं?" वडील मान वर न करता म्हणाले. "मग तो पाय दे इकडे. उशीर होतोय तुला."

त्यानंतरचे दिवस नुसते धावपळीचे होते. जुनी प्रत सर्व्हरवर चढली, आठ हजारांवर माणसं परत आली. राहिलेल्या बावीस साच्यांसाठी नोंदताईने डोकं चालवलं. मापाला येणाऱ्या प्रत्येकाला केंद्राकडून फोनवर संदेश जायचा: तुमचा साचा क्रमांक अमुक, जपून ठेवा. ते संदेश एका दुसऱ्या कंपनीमार्फत जायचे. त्या कंपनीकडे तीन महिन्यांचे संदेश साठलेले होते, फोन नंबरासकट. तिने विनवण्या करून ती यादी मिळवली आणि स्वतः फोन करायला बसली.

तिने प्रत्येकाला खरं तेच सांगितलं. मी केंद्रातून बोलतेय, माझ्या चुकीने तुमची नोंद पुसली गेली, तुमचं नाव काय? एका बाईने विचारलं, "म्हणजे माझा पाय रद्द झाला?" एकाने चिडून फोन आपटला, आणि दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला, "रागावलो खरा, पण पायाचं काय ते सांगा." अशी सतरा माणसं सापडली. उरलेल्या पाचांपैकी चार जण पुढच्या दोन महिन्यांत आपण होऊन आले. ज्यांचे साचे नव्हते पण मापं गेली होती, अशी शेकडो माणसं वर्षभर येत राहिली, आणि प्रत्येकाला पुन्हा मापाला बसावं लागलं. काही जण बोलले. एक जण फार वाईट बोलला. तिने ऐकून घेतलं.

नोकरी गेली नाही. तिने राजीनामा लिहून नेला होता, डॉक्टरसाहेबांनी तो वाचला आणि विचारलं, "तुमच्या जागी जो येईल त्याने हे कधी केलेलं नसेल. तो बरा की तुम्ही?" पण पूर्वीसारखंही काही राहिलं नाही. आता काहीही पुसायचं तर दोन माणसं लागतात, आणि अट रिकामी असली तर पुसणारी ओळ चालतच नाही, आकडा दाखवून थांबते. बॅकअपची फाईल ती रोज सकाळी उघडते, त्यातलं एक नाव मोठ्याने वाचते, आणि काउंटरवरची मुलगी ते पडद्यावर शोधते. साच्यांवर मिस्त्री पुन्हा नाव घालतात. जुन्या प्रतीबरोबर परत आलेल्या दुहेरी नोंदी अजून तशाच आहेत. त्यांना हात लावायचं तिचं धाडस झालेलं नाही.

पाचवा साचा सहा महिने फळीवर होता. नियमाने तो तिसऱ्या महिन्यात फोडून टाकायचा. मिस्त्री हातोडी घेऊन दोनदा गेले आणि दोन्ही वेळा ती आडवी आली. मग एका दुपारी एक धिप्पाड, उन्हाने रापलेला माणूस कुबड्या टेकत काउंटरवर आला. बोटीवर स्वयंपाकी होता. जुना पाय घालूनच कामावर गेला होता, तो वाटेत मोडला, आणि समुद्रावर फोन लागत नव्हता.

"माझं माप घेतलं होतं," तो म्हणाला. "चिठ्ठी हरवली. पण संगणकात असेलच."

काउंटरवरच्या मुलीने नोंदताईकडे पाहिलं. नोंदताई उठून बाहेर आली, त्याच्या समोर उभी राहिली.

"संगणकात नाही," ती म्हणाली. "तुमची नोंद मी पुसली."

त्याने कुबड्या घट्ट धरल्या, तिच्याकडे पाहिलं, मागे बाकावर बसलेल्या लोकांकडे पाहिलं.

"का?" तो म्हणाला. "मी काय केलं होतं?"

बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मग काउंटरवरची मुलगी हसली, आणि कारखान्याच्या दारातून मिस्त्रीही. नोंदताईला मात्र हसू आलं नाही. तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"तुम्ही काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली. "बसा. तुमचा साचा आहे आमच्याकडे, तो काका घेऊन येताहेत. तोवर मला नाव सांगा."

त्याने सांगितलं.

"आणि पाय कशाने गेला?"

"ते मोठं आहे," तो म्हणाला.

"सांगा," नोंदताई म्हणाली, आणि कीबोर्ड बाजूला सारून त्याच्यासमोर बसली.